उजव्या हातातली पट्टी

सुरतेच्या मिलमध्ये नोकरी सोडायची एक रीत होती, ती म्हणजे सांगायचं नाही. दिवाळीला मिल बंद व्हायची. शेठच्या हातून मिठाईचा पुडा घ्यायचा, पाया पडायचं, गावाला जायचं आणि लाभपाचमला, म्हणजे मिल पुन्हा उघडायच्या मुहूर्ताला, उगवायचंच नाही. त्या दिवशी जो आला तो राहिला, जो नाही आला तो गेला. शेठ विचारत नसत, कुणी सांगत नसे. पंधरा दिवसांनी आपोआप कळायचं की अमका पांडेसऱ्याच्या मिलला लागला, तमका सचिन गावच्या. कुणाच्या मनात किल्मिष राहत नसे. इतकी सोयीची रीत मी एकदा मोडली आणि सगळ्यांचीच गैरसोय केली.

मी सुरतेजवळ पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंग जुळवायचो. साड्यांच्या बाजारातला व्यापारी, ज्याला आम्ही पार्टी म्हणत असू, बोटभर चिंधी आणून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, असाच्या असा रंग हवा. मग मी त्या चिंधीकडे पाहत बसायचो. बाहेरच्या माणसाला वाटेल, हा झोपला. पण पाहता पाहता रंग उलगडत जातो. वरून नुसता जांभळा दिसतो, त्याच्या आत निळा असतो, निळ्याच्या आत कुठंतरी चिमूटभर लाल दडलेला असतो. तो अंदाज घेऊन छोट्या भांड्यात कापडाचा तुकडा रंगवायचा, धुवायचा, सुकवायचा आणि चिंधीशेजारी धरायचा. रंग चुकला की आमच्या भाषेत तो काहीतरी 'मारतो'. हिरवा पिवळा मारतो, राखी निळा मारतो. हे मारणं थांबेपर्यंत आमचं काम.

हे सगळं उत्तरेच्या खिडकीत. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग अंगणात नेले की एकमेकांना ओळख देत नाहीत. उत्तरेचा उजेड मात्र शांत असतो, त्यात ऊन नसतं. शेठच्या केबिनला अशी एक मोठी खिडकी होती. पलीकडे उसाचं शेत आणि त्याच्यापलीकडे हायवे. मागून मशीनची वाफ यायची, गरम आणि किंचित आंबूस, आणि तिच्यात माणसं अर्धी दिसायची, अर्धी विरघळायची. त्या खिडकीत मी आयुष्यातली इतकी वर्षं उभा राहिलो की आता निवृत्तीनंतर दुपारी डोळा लागला तरी मी तिथंच असतो. स्वप्नात कुणी बोलत नाही. नुसते ओले ताके डोळ्यांसमोरून जात राहतात, एक गुलाबी, एक अबोली, एक पावसाळी आभाळासारखा, आणि मी त्यांच्यामागून चालत असतो. बायको हलवून उठवते आणि विचारते, "आज कोणता लॉट?"

पार्ट्यांचे नमुने एकेक असायचे. एकाने चिंधीऐवजी वांगं आणलं. सकाळी घरच्या भाजीतलं उचललं असावं. म्हणाला, "ये चमक चाहिए." दोन तासांत वांग्याची चमक गेली, देठाकडून ते तपकिरी मारायला लागलं. मी तपकिरी टाकून रंग बसवला, तर तो संध्याकाळी येऊन म्हणाला, हे नाही, सकाळचं वांगं. दुसऱ्या दिवशी नवं वांगं. तिसऱ्या दिवशी आणखी एक. चौथ्या दिवशी रंग जुळला आणि तिन्ही वांग्यांचं आमच्या खात्यात भरीत झालं. ती साडी पुढे भरपूर चालली म्हणतात. माझ्या बायकोनेही नेसली, पण ती वांग्याची आहे हे मी तिला बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

तर शेठ. ठाकोरभाई त्यांचं नाव, पक्के सुरती, पांढरं धोतर, तोंडात प्रेमाची शिवी. ते स्वतः रंगाच्या टेबलावरून वर आलेले होते. आमच्या मिलमध्ये मास्तर, म्हणजे रंगखात्याचा मुख्य, असा कुणी नव्हताच, कारण मास्तर शेठ स्वतः. प्रत्येक लॉटची पट्टी, म्हणजे रंगवलेल्या कापडाचा नमुना, त्यांच्यासमोर जायची, ते खिडकीत धरून बघायचे आणि सही करायचे, तेव्हाच कापड बाहेर पडायचं. 'ठाकोरभाईनी आंख' अशी बाजारात म्हणच होती. पार्ट्या मिलच्या नावावर येत नसत, त्या डोळ्यांच्या नावावर यायच्या. मला सगळे भाऊ म्हणायचे. खानदेशातून आलेला प्रत्येक मराठी माणूस सुरतेत भाऊच असतो.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. एकदा माझा उजवा हात वाफेने भाजला होता, म्हणून मी एक पट्टी शेठना डाव्या हाताने दिली. ती पट्टी बिघडलेलीच होती, मी फक्त दाखवायला आणली होती. शेठनी ती खिडकीत धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "ना. फरी कर." म्हणजे पुन्हा कर. दुसऱ्या दिवशी हात बरा झाला, मी चांगली पट्टी उजव्याने दिली. त्यांनी सही केली. त्या आठवड्यात मला उमजलं की शेठ पट्टीकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अशा डोळ्यांना पांढरा पिवळट दिसतो आणि निळा मरून जातो. नेव्ही ब्लू आणि काळा यांतला फरक त्यांना कळेनासा झाला होता. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, म्हणून ते दवाखान्याच्या पायरीला शिवत नसत. आणि बाजारात कळलं असतं तर कोणत्या पार्टीने कापड पाठवलं असतं? तेव्हापासून चांगली पट्टी उजव्या हाताने आणि बिघडलेली डाव्या, असं सुरू झालं. त्याबद्दल आम्ही एका शब्दानेही बोललो नाही. पार्टीसमोर ते पट्टी उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे, मान तिरकी करायचे. ऐटीत काही कमी नव्हतं. मी शेजारी हात बांधून उभा. अशी चार-पाच वर्षं गेली आणि मला ते दोघांनी मिळून बघितलेल्या स्वप्नासारखं वाटायचं.

मग सचिनला नवी मिल निघाली. त्यांना मास्तर हवा होता.

मास्तर. या शब्दासाठी मी किती झुरत होतो हे आज कबूल करायला लाज वाटत नाही. आमचे आबा अमळनेरकडून येऊन तीस वर्षं मागावर उभे राहिले, खटखटीत त्यांचे कान गेले, आणि कुणी त्यांना नावाने हाक मारली नाही. आपल्या पोराला कुणीतरी मास्तर म्हणावं एवढंच त्यांचं मागणं होतं. ठाकोरभाई होते तोवर पलसाण्याला मी भाऊच राहणार होतो. आणि त्यांचा हात, म्हणजे डोळा, मी होतो. मी गेलो तर ते आंधळे होणार होते. हे दोन्ही खरं होतं आणि त्यात मी महिनाभर झोपेत चालल्यासारखा हिंडलो.

फोल्डिंग खात्यातला गिरधर माझा जिवलग. तो म्हणाला, "भाऊ, डोकं फिरलं का तुझं? शेठला सांगून कोण जातं? सांगितलंस की त्याच दिवशी गेटबाहेर. दिवाळीला गावाला जा अन् लाभपाचमला सरळ सचिनला कामावर चढ. सगळे तसंच करतात."

घरी बायकोला, निर्मलेला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगीसन जा. न सांगता गयात ते ती चोरीच व्हयी."

"चोरी कशाची?" मी म्हटलं.

"डोयास्नी," डोळ्यांची, ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी तिला त्या दोन हातांबद्दल कधी सांगितलं होतं ते आठवत नाही. बहुतेक झोपेत बोललो असेन.

दिवाळीला दीड महिना होता. सकाळी अकराच्या सुमाराला, उजेड सगळ्यात चांगला असतो तेव्हा, मी केबिनमध्ये गेलो. शेठ एकटे होते. खिडकीपलीकडे ऊस पुरुषभर वाढला होता. मी म्हणालो, "शेठ, एक वात करवी छे."

"बोल ने, भाऊ."

"हुं सचिनमां ट्रायल आपवा जवानो छुं." ट्रायल म्हणजे दुसऱ्या मिलमध्ये जाऊन एखादा रंग जुळवून दाखवायचा. सुट्टीचे वार वेगवेगळे असायचे, म्हणून आमच्या सुट्टीला तिथं चालू मशीनवर ट्रायल देता येई. सगळेच द्यायचे, चोरून. "मास्तरची जागा आहे," मी पुढे म्हणालो. "मिळाली तर दिवाळीनंतर जाईन. तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं."

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते टेबलावरची एक पट्टी उचलून चाचपत राहिले. रंग बोटांना कळतो की काय असं त्यांना वाटत असावं. मग हळूच म्हणाले, "तने खबर हती?" तुला ठाऊक होतं?

"हा, शेठ."

"क्यारथी?"

"माझा हात भाजला होता तेव्हापासून."

पट्टी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "त्यां जईने शुं कहेवानो?" म्हणजे तिथं जाऊन काय सांगणार.

हा प्रश्न मला लागला. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी उभा राहिलो त्याने विचारावं, की तू माझे डोळे बाजारात विकशील का? मला राग आला. मी म्हणालो, "शेठ, विकायचं असतं तर सांगायला कशाला आलो असतो?"

"जा," ते म्हणाले.

गेटबाहेर काढलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला खिडकीत बोलावणं बंद केलं. पट्ट्या शिपायाकडून जाऊ लागल्या. शेठ एकटे त्या उजेडात धरत आणि सही करत. बऱ्याचशा पट्ट्या मीच जुळवलेल्या, त्यामुळे काही बिघडत नव्हतं. मी माझ्या टेबलाशी आणि ते त्यांच्या काचेमागे. मधे वाफ.

मग मोरपंखीचा लॉट आला. मी जुळवलेला नमुना बरोबर होता, पण मशीनवर काहीतरी चुकलं, निळा कमी बसला आणि सगळा लॉट हिरवा मारला. त्या बिघडलेल्या लॉटची पट्टी शिपायाने आत नेली आणि सही होऊन बाहेर आली. मी ट्रॉलीजवळ उभा होतो. ओले ताके माझ्यासमोरून गेले, हिरवेगार, एकामागून एक. मी नुसतं 'थांबा' म्हणालो असतो तरी पुरे होतं. मी म्हणालो नाही. मनात आलं, बोलावलं नाही ना मला, मग बघा तुमचं तुम्ही. एवढा क्षुद्र विचार माझ्या डोक्यात होता आणि तो मी नीट, पूर्ण शुद्धीत केला.

पार्टी दोन दिवसांनी आली ती चार माणसं घेऊन. सगळ्या खात्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेठ, मोर मंगाया था, पोपट भेजा?" माणसं हसली. शेठ ताका खिडकीत धरून उभे होते, मान तिरकी करून, आणि त्यांना काय दिसत होतं ते फक्त मला माहीत होतं. त्यांनी काचेतून एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

आठवड्यात बाजारभर झालं, ठाकोरभाईंची आंख गेली.

याच दिवसांत मी सचिनला ट्रायल दिली. शटल रिक्षाने गेलो. नवी मिल, भिंतींना अजून चुन्याचा वास, खिडक्या उत्तरेला. मला एक राखी दिला होता, आत जांभळा असलेला. दुपारपर्यंत जुळवला. इतका जुळला की मी स्वतःच दोन तुकडे उलटेपालटे केल्यावर कोणता कुणाचा ते विसरलो. मालक तरुण मारवाडी होते. त्यांनी बघितला, खूश झाले, चहा मागवला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सुना है ठाकोरभाई को अब दिखता नहीं. असली आंख तो तुम ही थे ना?"

एका 'हां'चं काम होतं. तेवढ्यावर मी मास्तर झालो असतो. खरंही तेच होतं. पण ते हसणं माझ्या कानात होतं, मोर आणि पोपट, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "नहीं साब. आंख शेठ की. मैं तो खाली पट्टी पकडता हूं."

"और वो मोरपंखी?"

"वो मेरी गलती थी."

त्यांनी खुर्ची पुन्हा मागे ओढली. मग हसून म्हणाले, "फिर मास्टर काहे को बनाऊं तुमको?" हेल्परची जागा आहे, हवी तर बघा, असंही म्हणाले. चहा मात्र पूर्ण पाजला.

घरी आलो तर आबा ओट्यावर बसले होते. माझं तोंड बघून मोठ्याने विचारलं, "मास्तर व्हयना का रे?" मी मान हलवली, नाही. ते म्हणाले, "जाऊ दे. रंग ते तुन्हाच शेतस." रंग तर तुझेच आहेत. मी आत जाऊन पालथा पडलो. त्या झोपेत पहिल्यांदाच एकही रंग आला नाही.

पलसाण्याला शेठ येईनासे झाले होते. कुणी म्हणे तीर्थाला गेले, कुणी म्हणे मिल विकायला काढली. दिवाळी आली. मिठाईचे पुडे या वेळी त्यांच्या मुलाने वाटले. गावी गेलो, तिथं सगळ्यांनी विचारलं, सचिनला चढणार ना? मी विषय पिकांकडे वळवला. आपल्याला पलसाण्याला ठेवतील की नाही हेच मला माहीत नव्हतं. सांगून जाणारा माणूस परत आला तर काय करायचं, हे रीतीत कुठंच नव्हतं.

लाभपाचमला मी आलो. गेटवर तोरण होतं, उदबत्तीचा वास होता. शिपाई म्हणाला, "भाऊ, शेठ अंदर बुलाते हैं."

केबिनमध्ये शेठ भिंतीकडे तोंड करून उभे होते. डोळ्यांवर काळा चष्मा. मी आलो तसे वळले, चष्मा काढला. एक डोळा लाल होता, पाणावलेला, पण त्यातली ती जुनी पिवळट साय गेली होती. दवाखान्याची पायरी चढून आले होते. त्यांनी भिंतीला हात लावला. "भाऊ," ते म्हणाले, "आ भींत भूरी छे?"

गुजरातीत भुरा म्हणजे निळा. ती भिंत पहिल्यापासून फिकट निळीच होती.

"हा शेठ. आधीपासूनच."

"मने तो क्रीम लागती हती." मग खिडकीतून आभाळाकडे बघत राहिले. "केटलुं बधुं भूरुं," ते पुटपुटले, किती सगळं निळं. त्यांच्या आवाजात नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाचं नवल होतं. मीही बघितलं. इतकी वर्षं त्या खिडकीत उभा राहूनही मी आभाळाकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हणालो, "शेठ, तो मोरपंखी ट्रॉलीवर होता तेव्हाच मी बघितला होता. हिरवा मारत होता. मी बोललो नाही."

"खबर छे," ते म्हणाले. "तुं त्यां ऊभो हतो. मने रंग नहोता देखाता, भाऊ. माणस तो देखातो हतो." रंग दिसत नसले तरी माणूस दिसत होता.

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले, "अने सचिनमां तें शुं कह्युं ए पण खबर छे. बाजारमां बधुं आवे छे. चाल, मुहूर्त जशे." सचिनला मी काय बोललो तेही बाजारातून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

मुहूर्ताचा रंग म्हणजे वर्षातला पहिला रंग, हळदी पिवळा. तो मी बसवायचा आणि शेठनी खिडकीत धरून पसंत करायचा. त्या दिवशी नापास करायचं नाही असा रिवाज. शुभ असतं म्हणून कसाही असला तरी सही होते. सगळी खाती केबिनच्या दाराशी जमली होती, गिरधरही होता. मी रंग बसवला, पट्टी सुकवली आणि उजव्या हाताने पुढे केली.

शेठनी माझ्या हाताकडे बघितलंच नाही. पट्टी घेतली, उत्तरेच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. बराच वेळ गेला. मग त्यांनी पट्टी माझ्या हातात परत ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"थोडो लाल मारे छे, मास्तर. फरी करो."

मी पट्टी उजेडात नेली. माझे डोळे भरले होते, म्हणून आधी काही दिसेना. पुसून पुन्हा बघितलं. खरंच लाल मारत होती.